दुसऱ्यांदा न येणारी कुटुंबं : नंदुरबारहून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याकडच्या फिजिओथेरपिस्ट, नुकत्याच नंदुरबार जिल्ह्यात लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपाच्या, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करण्याच्या, कामाला लागलात. कुटुंबं पहिल्यांदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. आई गप्प असते, बोलते ती आजी नाहीतर काका. धडगावकडचं एक अडीच वर्षांचं पावरा मूल तुमच्याकडे आलंय. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नाही; उचललं की पाय एकमेकांवर चढतात, अजून आधाराशिवाय बसत नाही. मधूनमधून झटके येतात, त्याचं औषध चालू आहे. आजीने भगताकडून गळ्यात दोरा बांधून आणलाय आणि दिवाळीनंतर सगळं घर ऊसतोडीला गुजरातेत जाणार आहे. इथल्या प्रत्येक समाजाच्या चालीरीतींची माहिती एकत्र कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय; कुणाचं मन दुखावू नये आणि लोक टिकावेत म्हणून.

अशी माहिती मिळाली तर जरूर वाचा. पण लोक दुसऱ्यांदा येत नाहीत याचं कारण तिच्यात सापडायचं नाही, असं मला माझ्या कामावरून ठामपणे वाटतं. आपण ज्या घरासाठी योजना आखतो ते घर आपण पाहिलेलंच नसतं, खरी अडचण ती आहे. समाजाची माहिती तुम्हाला काय विचारायचं ते सुचवेल. उत्तर मात्र समोर बसलेल्या घराकडूनच घ्यावं लागतं, आणि दर वेळी नव्याने.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढते, कारण तिच्यात फार गोंधळ होतो. ज्याला आपण 'त्यांची संस्कृती' म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे भाडं, बुडालेली मजुरी आणि पूर्वी झालेला अपमान. अक्राणीतल्या, म्हणजे धडगाव तालुक्यातल्या, एखाद्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं तर माणसं पहाटे निघतात, जीप मिळेल तिथपर्यंत चालतात, आणि परत पोचेपर्यंत अंधार होतो. नर्मदाकाठच्या काही गावांना तर आधी बोट. दोन मोठ्या माणसांचा रोज बुडतो, शेळ्या आणि बाकीची पोरं शेजाऱ्यांच्या भरवशावर. इतकं करून आल्यावर कुणी पहिलंच वाक्य ऐकवतं, "एवढा उशीर का केला आणायला?" हे मी अनेक ठिकाणी कानांनी ऐकलंय. त्यानंतर ती आई पुन्हा आली नाही, तर त्यात चालीरीत कुठे आली? त्यामुळे कुठलं घर टिकत नसेल तर पहिल्यांदा विचारा : यायला किती खर्च आला, कुणाचं काम बुडालं, इथे कुणी काही बोललं का. चालीरीतींचा नंबर त्यानंतर.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही सांगते. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची जवळजवळ ७० टक्के लोकसंख्या आदिवासी होती, पण त्यातही भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे वेगवेगळे समाज, वेगवेगळ्या बोली. नवापूरकडे बरीच मावची घरं ख्रिस्ती आहेत. शिरपूरच्या उत्तरेचा पट्टा वेगळा, यावल-रावेरकडच्या तडवी मुस्लिमांचा वेगळा, धुळ्यातलं उर्दू बोलणारं मोहल्ल्यातलं घर वेगळं, चाळीसगावकडचा बंजारा तांडा वेगळा, आणि केळीच्या पट्ट्यातलं लेवा किंवा गुजर शेतकऱ्याचं घर पुन्हा निराळं. त्यातही धडगाव बाजारपेठेत दुकान असलेला पावरा बाप आणि डोंगरावरचा पावरा बाप यांच्या अडचणी एकसारख्या नसतात. मी सांगते त्यातलं काय कुठे लागू पडेल ते तुम्हाला तिथे पाहूनच ठरवावं लागेल.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या भेटीत मी व्यायाम दाखवत नाही. मुलाला तपासते, झटके, वजन, गिळणं, ऐकणं-दिसणं असं तातडीचं काही असेल तर ते हाताळते, आणि उरलेला वेळ एकाच प्रश्नाला देते : सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत या लेकराचा दिवस कसा जातो? कोण उठवतं, कुठे झोपलेलं असतं, झोळीत की खाटेवर की खाली? तोंड कोण धुतं? पहिलं काय खातं, कुणाच्या मांडीवर, कशा स्थितीत? आई पाण्याला किंवा शेतात गेली की कुणाजवळ असतं? संध्याकाळी घरात सगळ्यांत जास्त हसतं ते कुणाबरोबर? एवढं विचारलं की गप्प बसलेली आईसुद्धा बोलू लागते, कारण या विषयात तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. मग दुसरा प्रश्न : यातली कुठली वेळ सगळ्यांत जड जाते? घराला जे हवं असतं ते इथे बाहेर येतं. आपण 'चालणं' हे ध्येय धरून बसलेलो असतो. एका तांड्यावरच्या आजीने मला सांगितलं होतं की भाकरी टाकेपर्यंत पोरगं एका जागी बसलं तरी पुष्कळ, कारण चुलीजवळ त्याला एका हाताने धरून ठेवावं लागतं. मग आम्ही बसण्यावरच काम केलं. भिंतीचा कोपरा, मागे आणि बाजूंना गोधडीची गुंडाळी, दोन मांड्यांच्या मध्ये आणखी एक छोटी गुंडाळी, पुढे पालथं घातलेलं घमेलं आणि त्यावर वाटी-चमचा. दिवसातून दोनदा भाकरी होते, म्हणजे दोनदा सराव होतो, आणि त्यासाठी कुणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तुमच्या मुलाचंही असंच पाहा. पाय एकमेकांवर चढतात म्हणजे मांड्यांच्या आतले स्नायू ताठ आहेत. मूल कमरेवर घेताना त्याचे पाय आईच्या दोन्ही बाजूंना फाकवलेले राहिले, तर त्या स्नायूंना रोज आपोआप ताण मिळतो. सातपुड्यातल्या बाया लेकरू फडक्यात बांधून किंवा कडेवर घेऊन मैलोगणती चालतात. दोन्ही पाय एकाच बाजूला लोंबकळत नाहीत ना, पाठ सरळ राहते ना, आणि कड मधूनमधून बदलली जाते ना, एवढंच दाखवायचं. मांडीवर बसवून काही करतानाही तसंच. याउलट सैल सुतळीच्या खाटेत दिवसभर ठेवलेलं मूल बुडाकडे खचतं, मान-पाठ वापरायला वावच मिळत नाही. त्याला रोज काही वेळ खाली चटईवर पोटावर ठेवा, समोर कोंबडीची पिल्लं असतील तर मान आपसूक वर येते. खाऊ घालताना आडवं धरून वाटीने पातळ डाळीचं पाणी ओतणं बऱ्याच घरांत चालतं. अशक्त लेकराला पातळ सोसतं, हा त्यामागचा विचार मायेचाच आहे. पण ज्याचं गिळणं कच्चं आहे त्याला पातळ पदार्थ आवरत नाही, तो श्वासनलिकेकडे जातो आणि मग दर थोड्या दिवसांनी छाती भरते. घट्ट पेज, दुधात चांगली मुरवून कुस्करलेली भाकर, मऊ खिचडी, आणि मूल टेकून बसलेलं, हनुवटी किंचित खाली. घरातलंच अन्न, घट्टपणा आणि बसणं तेवढं बदलायचं. बोटांच्या चिमटीसाठी मक्याचं कणीस सोलायला देणं उत्तम, पण जवळ कुणीतरी बसलेलं हवं. शेंगदाणे आणि हरभरे इतक्या लहान मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकतात.

तपासणीच्या साधनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. आपल्या चार्टमधल्या काही पायऱ्या शहरी घर डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या असतात : जिना चढतो का, चमच्याने खातो का, पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवतो का. कुडाच्या घरात जिना नसतो. ते मूल चढ चढतं का, उंबरा ओलांडतं का ते विचारा. चमच्याऐवजी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडापर्यंत नेतं का ते बघा. पुस्तक आयुष्यात पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला चित्रातली शेळी दाखवण्यापेक्षा दारातली शेळी कुठे आहे ते विचारा. अनोळखी बाईच्या डोळ्यांत बघत नाही, एवढ्यावरून स्वमग्नतेचा संशय घेऊ नका. आजीने हाक मारल्यावर काय करतं, काही हवं असेल तर बोट दाखवतं का, दाखवून पुन्हा माणसाकडे बघतं का, हे घरच्यांकडून काढून घ्या.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. 'आदिवासी मुलं उशिराच बोलतात', 'त्यांच्याकडे चालतात उशिरा', हे मी शिकल्यासवरल्या, चांगल्या मनाच्या लोकांच्या तोंडून ऐकते. त्यांना वाटतं, आपण संस्कृतीचा मान राखतोय. हा मान नव्हे, त्या मुलाचे हातचे महिने वाया घालवणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी, नीट पोसलेली मुलं पाहून २००६मध्ये हालचालींच्या टप्प्यांचे कालावधी जाहीर केले. त्यात आधाराशिवाय चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने आहे, सगळ्या देशांना मिळून एकच. धडगावचं मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल तर त्याला पुण्याच्या मुलाइतक्याच घाईने तपासायचं. कुपोषण असेल, रक्त कमी असेल, जन्माच्या वेळी रडायला उशीर झाला असेल. कारण शोधायचं, समाजाच्या नावावर टाकायचं नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही इथे सांगते, कारण तुमच्या भागात ते रोजचं आहे. सहा महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंतच्या मुलाचे हात-पाय अचानक सुजले, ते हात लावू देत नाही, उभं राहायला नकार देतं, तर आधी सिकलसेलची तपासणी, व्यायाम नंतर. निदान झालं की घरात पहिला दोष सुनेला लागतो. म्हणून मी नवरा-बायको दोघांना आणि शक्य तर सासूला एकत्र बसवून सांगते : हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून एकेक अंश यावा लागतो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते, आणि हे कुणाच्या कर्माने किंवा नजरेने होत नाही. हेच नात्यातल्या लग्नांबद्दल. मुस्लिम घर समोर असलं की आपल्यातले काही जण लगेच त्यावर बोलू लागतात. मामाच्या मुलीशी लग्न तर कितीतरी मराठी घरांत होतं. प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारा, त्याच सुरात.

दोरा आणि भगत. माझी रेषा साधी आहे : ज्याने मुलाला इजा होत नाही आणि उपचार थांबत नाही, त्याच्या आड मी येत नाही. नवस असो, दर्ग्याचं तावीज असो, खानदेशातल्या कानबाई देवीपुढे केलेलं मागणं असो, ते घराच्या आशेचं आहे आणि मला त्या आशेची गरज आहे. पण काही ठिकाणी मी तडजोड मागते. गळ्यातला दोरा सैल करून दंडाला किंवा कमरेला बांधा, गळ्याला आवळण्याची भीती असते. काजळ डोळ्यांत नको, कानामागे किंवा तळपायाला लावा. काही काजळांत शिसं असतं आणि ते वाढत्या मेंदूला घातक. आणि दोन गोष्टींवर मी अजिबात मागे हटत नाही : पोटावर चटके देणं, आणि झटक्यांचं औषध एकदम बंद करणं. ते अचानक थांबवलं तर झटके थांबता थांबत नाहीत, आणि ते जिवावर बेतू शकतं. हे सांगताना मी भगताविरुद्ध एक अक्षर काढत नाही. आजीला म्हणते, "तुमचं तुम्ही करा आजी, माझं औषध मात्र एक दिवससुद्धा चुकवू नका." बहुतेक आज्या हे पाळतात, कारण त्यांना निवड करायला लावलेली नसते.

आई गप्प का, याची कारणं घरागणिक वेगळी. कधी तिला मराठी कळतं पण बोलता येत नाही. कधी मोठ्यांसमोर बोलायची रीत नाही. कधी सारा दोष आपल्यावर आलाय हे तिला ठाऊक असतं. आजी-काकांना बाजूला काढून आईला एकटीला गाठायचं, हे शहरात चालतं. इथे त्याने घरात संशय येतो. मी निर्णय घेणाऱ्या माणसाशी आधी आदराने बोलते, त्यांचं ऐकते, आणि मग मुलाला हाताळायला मुद्दाम आईलाच पुढे बोलावते. मूल तिच्या हातात आलं की बोलणं सुरू होतं. पुरुष थेरपिस्ट असतील तर मांडीवर घेऊन दाखवायचे प्रकार बाहुलीवर दाखवावेत किंवा नर्सताईंना करायला सांगावेत. हे फक्त पडद्यातल्या बायांपुरतं नाही, कुठल्याही घरातल्या सुनेला संकोच वाटतो. रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या घरांना सकाळची वेळ द्या.

दुभाषा म्हणून दहा वर्षांच्या बहिणीला वापरू नका. ती अर्धं गाळते, आणि भावाचं निदान तिच्या तोंडून आईला कळावं हे फार क्रूर आहे. तुमच्या केंद्रातल्या मावशींना किंवा गावच्या अंगणवाडी सेविकेला पावरी येत असेल तर त्यांना आधी दहा मिनिटं समजावून सांगा : मी बोलेन तेवढंच सांगा, त्या बोलतील तेवढं सगळं सांगा. सेविका त्याच गावची असेल तर आईला आधी विचारा, हिच्यासमोर बोललेलं चालेल ना. आणि मुलाशी बोलण्यापुरते चार शब्द तुम्ही स्वतः शिका. धुळ्याकडे मी अहिराणीतल्या "आठे ये, बठ, देख, ले" यांवर कितीतरी मुलांशी मैत्री केली आहे.

बोलण्यात मागे असलेल्या मुलांच्या घरांना एक सल्ला सर्रास दिला जातो : घरात फक्त मराठीच बोला, नाहीतर गोंधळ होईल. जळगावात इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीपायी अहिराणी आणि उर्दू घरांनाही हेच ऐकावं लागतं. कृपा करून हे सांगू नका. दोन भाषांमुळे बोलण्याचा विकार होत नाही. ज्या बोलीत आई लाडाने, रागाने, गाण्यात बोलते ती बंद केली, तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच अर्ध्यावर येतं, कारण तोडक्यामोडक्या मराठीत आई किती बोलणार? मुलाला किती शब्द येतात हे मोजतानाही पावरी, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांतले धरा.

इथवरचं दोन ओळींत : आधी भाडं, मजुरी आणि वागणूक तपासा, मग दिवस विचारा, घराला काय हवं ते ऐका आणि उपचार त्या दिवसात बसवा, टप्पे सगळ्यांना तेच लावा, विचारण्याची पद्धत बदला.

आता तुमचं मूल आणि गुजरात. ऊसतोडीला जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नाही, उचल घेतलेली असेल तर जाणं त्यांच्या हातातही नसतं. जाण्याआधीची एक भेट मात्र पक्की करा, आणि तीही त्यांच्या सोयीने, धडगावच्या बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा अंगणवाडीवर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरपासून सुरू झाला, तेव्हापासून त्याची फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. त्यांच्या दौऱ्याची तारीख विचारून घ्या, त्या दिवशी तुम्हीच पोचलात तर नंदुरबारचं एक भाडं वाचेल. त्या भेटीआधी खुब्यांचा एक्स-रे व्हायला हवा. न चालणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं खुब्याचं हाड हळूहळू खोबणीबाहेर सरकू लागतं आणि दुखेपर्यंत ते बाहेरून कळत नाही. झटक्यांचं औषध जितके महिने मुक्काम तितकं बांधून द्या, डॉक्टरांशी बोलून. एका कागदावर निदान, वजन, औषधाचं नाव आणि मात्रा, तुमचा फोन, सगळं मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहून प्लास्टिकच्या पिशवीत द्या. बाल स्वास्थ्य कार्यक्रम गुजरातमध्येही आहे, तिथल्या दवाखान्यात तो कागद उपयोगी पडतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे अर्ज आत्ताच भरून ठेवा, परत आल्यावर कागदांसाठी पुन्हा खेपा नकोत.

मुक्कामावर आई-बाप पहाटेच फडात जातात. मूल बहुधा आजीजवळ किंवा मोठ्या भावंडाजवळ राहील. तेव्हा शिकवायचं ते आजीला. तीनच गोष्टी द्या : कडेवर पाय फाकवून घेणं, टेकून बसवून घट्ट भरवणं, आणि पालापाशी गोधडीची गुंडाळी करून बसवणं. आजीने स्वतःच्या हाताने करून दाखवलं की मुलाच्या वडिलांच्या फोनवर त्याचं चित्रण करून ठेवा, तिच्याच बोलीत. होळीला ही घरं परततात. सातपुड्यात त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि लांब गेलेली माणसंही त्याला पोचायची धडपड करतात. पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर धरू नका. "भोंगऱ्यानंतरच्या बाजाराला सेविकेकडे या" असं सांगा, आणि त्या आठवड्यात सेविकेला तुम्ही स्वतः फोन करा.